पाच नॉबचा बेस पॅसिव्ह करताना

टेबलावर आलेला बेस (बेस गिटार) पाच तारांचा होता. ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारांचा आवाज टिपणारे दोन सोपबार म्हणजे साबणवडीच्या आकाराचे पिकअप, मागून झाकण असलेली कॅव्हिटी (वायरिंगची पोकळी), ९ व्होल्टची एक बॅटरी आणि पाच नॉब: व्हॉल्यूम, ब्लेंड (दोन पिकअपचं प्रमाण), लो, मिड, हाय. व्हॉल्यूमचा नॉब वर ओढला की प्रीअँप (बॅटरीवर चालणारा आतला छोटा अँप्लिफायर) बाजूला होतो, म्हणजे बायपास होतो, आणि बेस पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालतो, अशी कारखान्यानेच दिलेली सोय. नॉब ओढला की आवाज मात्र गोधडीखालून आल्यासारखा यायचा. असा बेस हातात आला की वाजवणारा एकच निष्कर्ष काढतो, की पॅसिव्ह म्हणजे बसका आवाज. मग तो नॉब पुन्हा कधी ओढला जात नाही.

झाकण काढल्यावर कारण पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. व्हॉल्यूमच्या पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधाच्या) पाठीवर ए५०के छापलेलं होतं. प्रीअँपच्या नंतर बसणाऱ्या व्हॉल्यूमसाठी ५० किलोओम योग्यच आहे, कारण प्रीअँपची आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा आतला रोध) कमी असते आणि हा भार तिला जाणवत नाही. पण बायपास केल्यावर तोच ५० किलोओम थेट पिकअपच्या कॉइलवर येतो. कॉइलचं इंडक्टन्स (वरच्या सुरांना कॉइल किती विरोध करते त्याचं माप) ४ हेन्री धरा. ५० किलोओमच्या भाराखाली एका पिकअपचे वरचे सूर साधारण २,००० हर्ट्झपासूनच उतरायला लागतात. तिथे २५० किलोओमचा पॉट असता तर हीच मर्यादा १०,००० हर्ट्झच्या जवळ गेली असती आणि मग भाराऐवजी केबलने आवाज ठरवला असता. शिवाय बायपासमध्ये टोनचा नॉबच नव्हता. लो, मिड, हाय हे तिन्ही इक्यू प्रीअँपचे, त्यामुळे प्रीअँप गेला की तेही गेले. जाहिरातीत ‘अॅक्टिव्ह/पॅसिव्ह’ लिहिलेलं होतं, पण पॅसिव्ह बेसच्या तीन गोष्टींपैकी (योग्य किलोओमचा व्हॉल्यूम, टोनचा पॉट, टोनचा कॅपॅसिटर) एकही आत नव्हती.

बेस उत्पादकांनी पॅसिव्ह पर्याय द्यावा का, कस्टम पर्याय किती द्यावेत, हा वाद वाजवणाऱ्यांमध्ये सतत चालतो. त्याचं माझं उत्तर या कामातून आलं आहे, म्हणून आधी काम सांगतो.

पहिली पायरी पिकअप ओळखण्याची. पिकअपच अॅक्टिव्ह असतील तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही. ईएमजी कंपनीच्या पिकअपसारख्यांच्या आतच छोटा प्रीअँप असतो. त्याला बॅटरी लागते आणि त्याच्यासोबत २५ किलोओमचे पॉट येतात. तो पिकअप पॅसिव्ह होत नाही, बदलावाच लागतो. ओळख सोपी आहे. पिकअपच्या तारा प्रीअँपपासून सोडवायच्या आणि मल्टिमीटर २० किलोओमच्या रेंजवर ठेवून मोजायचं. साधी कॉइल ५ ते १५ किलोओमच्या दरम्यान स्थिर आकडा दाखवते आणि प्रोब उलटे केले तरी आकडा तोच राहतो. अॅक्टिव्ह पिकअपला सिग्नल आणि ग्राउंडशिवाय बॅटरीसाठी तिसरी जोडणी असते आणि प्रोब उलटे केले की आकडा बदलतो. या बेसवर नेक (मानेकडचा) पिकअप ८.२ आणि ब्रिज (तारा जिथे अंगावर टेकतात त्या बाजूचा) पिकअप ८.५ किलोओम भरला. म्हणजे दोन्ही पॅसिव्हच, प्रीअँप फक्त कॅव्हिटीत.

इथे एक बारकावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कंपनीने २० अंशांवर मोजलेला ८ किलोओमचा पिकअप मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत साडेआठच्या आसपास दिसतो. ‘आकडा जुळत नाही, म्हणजे पिकअप नकली’ असं समजून तो परत पाठवणारे लोक आहेत. आधी खोलीचं तापमान बघावं.

दुसरी गोष्ट कव्हरची. बाहेरून सोपबार दिसला तरी आत दोन कॉइल असतीलच असं नाही. मध्यम किमतीच्या अनेक बेसमध्ये सोपबारच्या कव्हरखाली फेंडरच्या जॅझ बेससारखी एकच कॉइल असते. छोटा पातळ स्क्रूड्रायव्हर कव्हरवरून हलका फिरवला की चुंबकाची ओढ कुठे आहे ते बोटाला कळतं. इथे ती एकाच ओळीत लागली. दुसरी खूण म्हणजे ब्लेंड एका टोकाला नेला की घरघर सुरू व्हायची आणि मधोमध आणला की थांबायची. दोन्ही कॉइल उलट्या गुंडाळलेल्या असल्यामुळे एकत्र चालताना त्या घरघर खाऊन टाकतात. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर जवळजवळ वाजवायच्या सुरातच असते आणि इक्यूने ती कापायला गेलं तर तो सूरही कापला जातो. म्हणून पुढे शील्डिंगवर (घरघर अडवणाऱ्या तांब्याच्या अस्तरावर) जास्त वेळ घालवला.

तारा सोडवण्याआधी दोन्ही पिकअपचा फेज तपासायचा. मल्टिमीटर मिलिव्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाल प्रोब सिग्नलच्या तारेला, काळा ग्राउंडला. स्क्रूड्रायव्हरचं लोखंडी टोक पिकअपवर टेकवून झटकन उचलायचं. उचलताना आकडा अधिक होतो की उणे, ते लिहून ठेवायचं. दोन्ही पिकअपची खूण एकच आली तर फेज बरोबर. उलट आली तर एकाच्या दोन तारांची अदलाबदल करायची, नाहीतर दोन्ही एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा लागतो. मात्र अदलाबदल करताना पिकअपची शील्डची जाळी ऋण तारेला जोडलेली नाही ना हे बघावं. जोडलेली असेल तर जाळीच सिग्नलवर जाते आणि बेसला हात लावला की घरघर वाढते.

मग सामान. २५० किलोओमचे तीन ऑडिओ टेपर पॉट (फिरवताना कानाला बदल सारखा वाटेल असे), म्हणजे ए२५०के. ४७ नॅनोफॅरडचा एक आणि २२ नॅनोफॅरडचा एक पॉलिएस्टर कॅपॅसिटर. त्यांच्यावर ४७३ आणि २२३ असं छापलेलं असतं. ऑन-ऑफ-ऑन प्रकारचा एक मिनी टॉगल. एक मोनो जॅक. चिकट बाजूही वीज वाहते अशी तांब्याची टेप. २२ गेजची तार साधारण एक मीटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत कॅपॅसिटर, टॉगल, तार, टेप सगळं मिळतं. अडतं ते पॉटवर. दुकानात सहज हाती येतात ते बहुधा लिनिअर, म्हणजे बी अक्षराचे. टोनला लिनिअर लावला तर सगळा फरक शेवटच्या थोड्याशा फिरण्यात एकवटतो आणि बाकीचा नॉब नुसता फिरतो. म्हणून पॉट गिटारचेच मागवावेत. मागवताना दोन जास्त मागवावेत, कारण पॉटच्या रोधात २० टक्क्यांपर्यंत फरक चालतो आणि २५०च्या पॉटमधून २०० किंवा ३०० किलोओमही निघू शकतो. पाच मोजून त्यातले दोन जास्त रोधाचे व्हॉल्यूमला घेतले. असलेला ब्लेंड ठेवला नाही. प्रीअँपच्या आधी तो ठीक चालतो. पॅसिव्हमध्ये ब्लेंडच्या जोडीला वेगळा व्हॉल्यूम आला की पिकअपवर आणखी एक भार चढतो. दोन स्वतंत्र व्हॉल्यूमने तेच काम सरळ होतं.

कॅपॅसिटरच्या जातीवरून पुष्कळ पैसे खर्च होतात. कागद-तेलाचा जुना कॅपॅसिटर घ्या की साधा पॉलिएस्टर, कानाला फरक करते ती त्याची किंमत, म्हणजे किती नॅनोफॅरड ती. टोन पूर्ण बंद केल्यावर ४ हेन्रीच्या कॉइलचा कंप (ज्या वारंवारतेला ती सगळ्यांत जास्त उचलते ती) ४७ नॅनोफॅरडने सुमारे ३७० हर्ट्झवर येतो, २२ने ५४०च्या आसपास आणि १०० नॅनोफॅरडने २५०वर. ४७ हा फेंडरच्या जॅझ बेसचा ओळखीचा आकडा. २२ला टोन बंद केल्यावरही मधले सूर शिल्लक राहतात आणि बँडमध्ये ते हरवत नाहीत. पाच भोकांपैकी दोन रिकामी होणारच होती, म्हणून त्यातल्या एकात टॉगल बसवून दोन्ही कॅपॅसिटर ठेवले. टॉगलच्या मधल्या स्थितीत टोनची फांदीच तुटते. त्याचा उपयोग मोजता येतो: दोन्ही व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे असताना २५०चे तीन पॉट समांतर येऊन पिकअपवर सुमारे ८३ किलोओमचा भार पडतो, टोन सुटला की तोच १२५ होतो. वरचा कडक आवाज थोडा खुलतो, स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवायला) बरा.

आता सगळ्यात वेळ खाणारं काम, आणि ते इलेक्ट्रॉनिक्सचं नाही, लाकडाचं आहे. कारखान्याचे पॉट छोटे मेट्रिक होते, त्यांची भोकं ८ मि.मी.ची. मोठ्या गिटार पॉटच्या मानेला ९.५ मि.मी. लागतात. ड्रिलचा साधा बिट तयार भोकात घातला की तो लाकडाला पकडतो, उडी मारतो आणि वरचं फिनिश कपच्यासारखं उडवतो. भोकावर मास्किंग टेप लावून हाताने फिरवायचा टेपर रीमर वापरला. वरून थोडं, मागून थोडं, सारखं मोजत. तीन भोकांना तासभर गेला, पण एकही कपचा उडाला नाही. दुसरी अडचण जाडीची. मागून कॅव्हिटी असलेल्या बेसमध्ये पॉटच्या वर लाकडाचा जो थर उरतो तो इथे साडेपाच मि.मी. होता. साध्या पॉटची आट्यांची मान ६.३५ मि.मी. असते. वॉशर आणि नट बसायला ती पुरत नाही. इथे लांब मानेचे, ९.५ मि.मी.चे पॉट लागतात. हे आधी न मोजता सामान मागवलं तर पार्सल आल्यावर काम थांबतं. नॉबचंही तसंच: छोट्या पॉटचा दांडा ६ मि.मी.चा दातेरी, मोठ्याचा ६.३५चा गुळगुळीत. जुने नॉब बसत नाहीत, म्हणून बाजूच्या स्क्रूचे नवीन घ्यावे लागतात.

खरं तर हे सगळं कारखान्यात फुकटात झालं असतं. ८ऐवजी ९.५चा बिट आणि लाकूड कोरणारा राऊटर दोन मि.मी. खोल, एवढाच फरक.

शील्डिंग. कॅव्हिटीच्या तळाला, भिंतींना आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तांब्याची टेप, सांधे पाच मि.मी. एकमेकांवर चढवलेले. चिकट बाजू वीज वाहते असं टेपवर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक सांध्यावर एक छोटा डाग दिला. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकण-गोव्याकडे, दोनेक पावसाळ्यांत गोंदाचा भरवसा उरत नाही, डाग टिकतो. टेपची एक जीभ कॅव्हिटीच्या काठावर दुमडून आणली, म्हणजे झाकण बसलं की दोन्ही तांबे एकमेकांना टेकतात. शेवटी मल्टिमीटरने झाकणापासून जॅकच्या ग्राउंडपर्यंत मोजलं: एक ओमच्या आत हवं. पिकअपच्या खळग्यांनाही तशीच टेप लावून एका तारेने कॅव्हिटीला जोडली.

मग ब्रिजचं ग्राउंड. अॅक्टिव्ह पिकअपसाठी घडवलेल्या काही बेसमध्ये ब्रिजला ग्राउंडची तारच नसते, कारण त्या पिकअपना ती लागत नाही. असा बेस पॅसिव्ह केला तर तारांना हात लावला तरी घरघर थांबत नाही आणि माणूस नव्या वायरिंगमध्ये चूक शोधत बसतो. इथे तार होती, पण ब्रिजखाली लाकूड आणि पितळ यांच्यामध्ये ती चेपून काळी पडलेली. ब्रिजचे स्क्रू सैल करून टोक घासलं, पुन्हा दाबलं. तार नसेल तर कॅव्हिटीपासून लांब बिटाने तिरपं भोक पाडायच्या फंदात पडू नये. बिट भरकटला तर तो बेसच्या अंगावर बाहेर निघतो. ब्रिज पिकअपच्या खळग्यातून ब्रिजखाली ३ मि.मी.चं छोटं भोक पाडलं की तार तिथून नेता येते.

वायरिंगमध्ये पॉटचे पाय उलटे लागणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. आकृती पुढून काढली आहे की मागून, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून आकृतीपेक्षा मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा. पॉट घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवायचा. मधल्या पायाशी ज्या बाहेरच्या पायाचा रोध शून्याजवळ, तो व्हॉल्यूमचा ‘आउटपुट’ पाय, दुसरा ग्राउंड. जॅझ बेसच्या पद्धतीने पिकअपची सिग्नलची तार मधल्या पायाला जोडली, दोन्ही पॉटचे आउटपुट पाय एकमेकांना आणि तिथून जॅकच्या टिपला. असं केलं की एक व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी दुसरा पिकअप वाजत राहतो. पिकअप बाहेरच्या पायाला आणि आउटपुट मधल्या पायाला असं उलट केलं तर एक शून्यावर नेताच दोन्ही गप्प होतात. दोन पिकअपच्या बेसला पहिली पद्धतच हवी. तिची किंमत अशी की व्हॉल्यूम थोडा कमी करताच वरचे सूर जरा मऊ होतात.

टोनच्या पॉटचे दोनच पाय वापरायचे. घड्याळाच्या दिशेने पूर्ण फिरवल्यावर मधल्या पायाशी ज्याचा रोध पूर्ण २५० किलोओम, तो पाय दोन्ही व्हॉल्यूमच्या सामाईक आउटपुटला. मधला पाय टॉगलच्या मधल्या टोकाला, टॉगलच्या दोन बाजूंना दोन कॅपॅसिटर, त्यांची दुसरी टोकं ग्राउंडला. पाचव्या भोकात एक जुना पॉट तसाच ठेवला, काही न जोडता. भोक बुजलं आणि त्याची धातूची पाठ सगळी ग्राउंड एकत्र आणायला कामाला आली.

डाग देताना पॉटच्या पाठीला उष्णता फार लागते. २५ वॅटची सोल्डरिंगची लेखणी तिथे बराच वेळ धरून ठेवावी लागते, तोवर आतला कार्बनचा पट्टा भाजतो आणि नवाकोरा पॉट खरखर करतो. ४० ते ६० वॅटची लेखणी, रुंद टोक, पाठ आधी पॉलिश पेपरने घासलेली, आणि तीन-चार सेकंदांत काम. पायांना दोन सेकंद पुरतात. सोल्डर ६०/४०, आत रोझिन असलेलं. डबीतली आम्लाची पेस्ट गिटारमध्ये अजिबात वापरू नये. डाग चकचकीत बसतो खरा, पण उरलेली पेस्ट हवेतला ओलावा धरून तांबं हिरवं करते. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी बेसमध्ये ड्राय सोल्डरच्या बरोबरीने ही हिरवी पेस्ट सापडते.

जॅक. अॅक्टिव्ह बेसचा जॅक स्टिरिओ असतो, पण आवाज स्टिरिओ नसतो. बॅटरीची काळी तार रिंगच्या पात्याला जोडलेली असते आणि मोनो प्लग घातला की रिंग ग्राउंडला टेकून बॅटरी चालू होते. म्हणूनच केबल लावून ठेवलेला बेस रात्रभर बॅटरी खातो. पॅसिव्हला मोनो जॅक लावला. जुना स्टिरिओ ठेवला तरी चालतं, फक्त रिंगचा पाय मोकळा सोडायचा. सिग्नल चुकून रिंगला गेला तर प्लग लावताच तो ग्राउंड होतो आणि बेस मुका.

पहिल्यांदा लावल्यावर बेस मुकाच निघाला. दोष जॅकचा नव्हता. झाकण लावल्यावर टॉगलचं एक टोक झाकणाच्या तांब्याला टेकत होतं आणि मधल्या स्थितीतून बाजूला नेलं की टोनचा पॉट थेट ग्राउंडवर जात होता. टोन उघडा असताना थोडा फरक, टोन बंद केला की पूर्ण शांतता. झाकण काढलं की सगळं ठीक. ‘झाकण लावल्यावर बिघडतं’ हे लक्षण शील्डिंगच्या शॉर्टचं, हे पाठ करून ठेवावं. टॉगलच्या पायांवर हीटश्रिंकची (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवली आणि झाकणाच्या त्या भागावर इन्सुलेशन टेप लावली.

पिकअपची उंची पुन्हा लावावी लागली. प्रीअँप असताना कमीजास्त झाकलं जातं, पॅसिव्हमध्ये उंची हीच पहिली इक्यू. शेवटच्या पट्टीवर तार दाबून जाड तारांखाली ३ मि.मी. आणि बारीक तारांखाली २ मि.मी. इथून सुरुवात केली, ब्रिजचा पिकअप थोडा वर. फार जवळ आणलं तर चुंबक जाड तारेला ओढतो आणि बी तार डोलल्यासारखी वाजते. ती ट्यूनच होत नाही असं वाटतं.

आता निकाल. एकट्या पिकअपचा वरचा आवाज परत आला. जुन्या बायपासशी तुलनाच नाही. आवाजाची पातळी इक्यू चढवलेल्या अॅक्टिव्हपेक्षा कमी, ती अँपच्या गेनने भरून निघते. गेलेली गोष्टही स्पष्ट सांगतो. पॅसिव्ह टोन फक्त कापतो, वाढवत काहीच नाही. खालच्या बी तारेचा मूळ सूर ३१ हर्ट्झच्या आसपास आहे. अॅक्टिव्हमध्ये लो चढवून तो जो फुगवता यायचा, ते आता अँपवर किंवा पेडलवर करावं लागतं. केबलची लांबीही मोजून घ्यावी लागते. साधी केबल मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास धरा. ४ हेन्रीच्या कॉइलला ४०० पिकोफॅरड जोडले तर कंप ४,००० हर्ट्झवर, ७०० जोडले तर ३,०००वर. चार मीटरच्या जागी सात मीटरची केबल म्हणजे न फिरवता थोडा बंद झालेला टोन.

आणि बेस कशात लावणार, हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या मांडवात, गोव्यात तियात्राच्या बँडमध्ये बेससाठी वेगळा अँप नसतो, केबल सरळ मिक्सरमध्ये जाते. मिक्सरच्या लाइन इनपुटची इम्पिडन्स बऱ्याचदा १० ते २० किलोओम असते. पॅसिव्ह बेस तिथे घातला तर ५० किलोओमच्या पॉटने जे केलं होतं त्याहून वाईट होतं. मध्ये अॅक्टिव्ह डीआय (बेस आणि मिक्सर जुळवणारा छोटा डबा) हवा, एक मेगाओमच्या आसपासचा. ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय साधारण दीडशे किलोओमचा असतो, तो चालतो पण वरचे सूर थोडे घेतो. रेकॉर्डिंगच्या इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’चं बटण दाबायचं. ज्याच्याकडे डीआय नाही आणि दहा मीटरची केबल आहे, त्याला अॅक्टिव्ह बेसच जास्त उपयोगी. त्याने फक्त बॅटरी चांगली वापरावी. १ मिलिअँपिअर खाणारा प्रीअँप ५०० मिलिअँपिअर-तासाच्या अल्कलाइनवर ढोबळमानाने ५०० तास चालतो. स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी फार कमी चालते आणि फुटली की खोक्याच्या पात्या खाते. जोरात वाजवल्यावर आवाज फाटायला लागला तर पिकअपला दोष देण्याआधी बॅटरी मोजावी.

म्हणून उत्पादकांनी सगळं पॅसिव्ह करावं असं मी म्हणत नाही. खुद्द लिओ फेंडरचा प्रवास बघा. १९५१चा प्रिसिजन आणि १९६०चा जॅझ पॅसिव्ह. १९७६मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे प्रीअँपसह आला. आणि १९८०मध्ये जी अँड एलच्या एल-२०००वर त्याच माणसाने प्रीअँप पूर्ण बंद करायचा स्विच दिला, आणि प्रीअँप बंद असतानाही त्यावर टोनचे नॉब काम करतात. आजही हे नीट करणारे आहेत. इबानेझच्या एसआर मालिकेतल्या काही बेसवर इक्यू बायपास केला की हायचाच नॉब पॅसिव्ह टोन होतो. यामाहाच्या २०१७च्या बीबी मालिकेत मधल्या ७३४एला अॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच आहे आणि सगळ्यांत वरचा बीबीपी३४ निव्वळ पॅसिव्ह आहे. म्हणजे पॅसिव्ह हा स्वस्तातल्या बेसचा तोडगा आहे ही समजूत त्या कंपनीने तरी मानलेली नाही.

उत्पादकांची अडचण मला दिसते. चार लाकडं, तीन पिकअप, तीन इलेक्ट्रॉनिक्स, दोन रंगांचं हार्डवेअर आणि चार किंवा पाच तारा, एवढेच पर्याय दिले तरी १४४ वेगवेगळे बेस होतात. प्रत्येकाचे सुटे भाग आणि प्रत्येकाची तपासणी, हे लहान कारखान्याला झेपत नाही. दुकानात अॅक्टिव्ह बेस पहिल्या सुरालाच मोठा वाजतो आणि विकला जातो, हेही खरं. व्हॉल्यूम प्रीअँपच्या नंतर ठेवण्यालाही कारण आहे: नॉब खाली आणला की प्रीअँपचा सूं-सूं आवाज त्याच्याबरोबर खाली जातो.

पण मग कस्टमचा खर्च योग्य जागी करावा. जे वाजवणाऱ्याला नंतर लेखणीने बदलता येत नाही, तिथे पर्याय द्यावेत. ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर १७, १८ की १९ मि.मी., मानेची जाडी, ३४ की ३५ इंच स्केल, पिकअपची जागा. जॅझ बेसचा ब्रिज पिकअप सत्तरच्या दशकात सुमारे एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकला आणि तेवढ्याने आवाजाचं वळण बदललं. ते कुठल्याही प्रीअँपने परत आणता येत नाही. लाकडात एकदा खळगा पडला की पडला. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र १४४ पर्याय नकोत. तीन पॉट आणि एक कॅपॅसिटरची पॅसिव्ह जोडणी, हा एकच पर्याय जास्तीचे पैसे न घेता द्यावा. प्रीअँप असेल तर २५० किंवा ५०० किलोओमचा व्हॉल्यूम आणि पॅसिव्ह टोन त्याच्या आधी ठेवून बायपास द्यावा. त्यात प्रीअँपचा थोडा सूं-सूं आवाज व्हॉल्यूम खाली आणल्यावरही राहील, तो मला मान्य आहे. भोकं ९.५ची, ब्रिजला ग्राउंडची तार, पिकअप प्रचलित मापाचे, म्हणजे बदलताना दुसऱ्या कंपनीचा त्याच खळग्यात बसेल. ४ × १.५ इंचांचा खळगा असेल तर निवडीला पुष्कळ वाव राहतो.

घेणाऱ्याने दुकानात करायची तपासणी दोन मिनिटांची आहे. अँपची इक्यू सपाट, बेसचा ब्लेंड पूर्ण ब्रिजकडे, बायपास ओढायचा आणि बारीक तार नखाने छेडायची. आवाज बसला तर व्हॉल्यूमचा पॉट किती किलोओमचा आहे ते विक्रेत्याला विचारायचं. २५ किंवा ५० किलोओम ऐकू आलं तर तो बेस अॅक्टिव्ह समजूनच घ्यावा, आणि पॅसिव्ह हवा असेल तर वर लिहिलेल्या कामाचा एक पूर्ण दिवस हिशोबात धरावा.

या बेसचा काढलेला प्रीअँप, बाकीचे जुने पॉट आणि स्टिरिओ जॅक एका पिशवीत घालून केसमध्ये ठेवले. झाकणाच्या आत इन्सुलेशन टेपवर मार्करने लिहिलं: नेक ८.२, ब्रिज ८.५, पॉट २७० / २६५ / २४०, टॉगल वर ४७, खाली २२, तारीख.